डबी गाते, स्पीकर गप्प: संगीत वाजवणाऱ्या छोट्या संगणकाची एचडीएमआय जोडणी क्रमाने कशी तपासावी

नेरूळच्या मामांचा फोन पावसाळ्यात हमखास येतो आणि तक्रार दरवेळी एकाच वाक्यात असते: "अरे, रात्री लाइट गेली होती, आता तुझी डबी गात नाही." डबी म्हणजे टीव्हीच्या मागे चिकटवलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक. तो घरातल्या वाय-फायवरून गाणी घेतो आणि एचडीएमआय तारेने रिसीव्हरकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, पाठवतो. रिसीव्हरची दुसरी तार टीव्हीला जाते. मोबाइलवरच्या पानावर गाणे पुढे सरकताना दिसते, सेकंद मोजले जातात, पण स्पीकरमधून काही येत नाही. पहिल्या दोन वेळा मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडून गेलो, मेमरी कार्डावर सगळे सॉफ्टवेअर नव्याने चढवले आणि दोन्ही वेळा आवाज परत आला. तिसऱ्या वेळी ध्यानात आले की आवाज सॉफ्टवेअरमुळे परत येत नव्हता. मी काम करताना टीव्ही आणि रिसीव्हर आधी सुरू करत होतो आणि डबी नंतर, त्या क्रमामुळे येत होता.

एचडीएमआयच्या बहुतेक तक्रारींचे असेच असते. दोष एका ठिकाणी असतो, आपण हात दुसरीकडे घालतो, आणि मधल्या काळात उपकरणे बंद-चालू झाल्यामुळे तक्रार तात्पुरती मिटते. म्हणून पुढे दिलेला क्रम पाळावा. तो रास्पबेरी पाय आणि त्यावर चालणाऱ्या व्होल्युमिओ, मूड ऑडिओ, लिब्रेइलेक यांसारख्या गाणी वाजवणाऱ्या प्रणाली डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इतर छोट्या संगणकांनाही त्यातला बराचसा भाग लागू पडतो. कमांडची आणि फाइलींची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांत लिहावीत.

आवाज चित्राच्या पाठीवर बसून येतो

एचडीएमआयमध्ये आवाजासाठी वेगळी तार नसते. १९ पिनांच्या या जोडणीत तीन जोड्या माहिती वाहतात, एक जोडी घड्याळाचे ठोके वाहते आणि उरलेल्या पिना ओळख, नियंत्रण व ५ व्होल्ट विजेसाठी असतात. १९२० गुणिले १०८० आकाराचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना प्रत्यक्षात २२०० गुणिले ११२५ इतक्या ठिपक्यांचा वेळ खर्च होतो. जो जास्तीचा वेळ आहे, त्यात पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि आवाजाची पाकिटे त्याच फटीतून पुढे सरकतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्याला फक्त गाणे ऐकायचे आहे, त्यालाही चित्राचा सिग्नल सतत चालू ठेवावा लागतो, आणि चित्र अस्थिर असेपर्यंत आवाजाच्या सेटिंगमध्ये डोके घालण्यात अर्थ नसतो.

दोष एचडीएमआयचाच आहे ना?

हे आधी ठरवावे, कारण गाणे अडखळण्याचे कारण पुष्कळदा वाय-फाय असते. एखादे गाणे मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि तेच वाजवून पाहावे. ते नीट वाजले आणि इंटरनेटवरचे तुटले, तर तारेचा दोष नाही. रास्पबेरी पाय ३ आणि ४ वर हेडफोनचे ३.५ मिलिमीटरचे छिद्र असते. तेथे आवाज वळवून ऐकावा. तेथेही तुटत असेल तर एचडीएमआयला सोडून द्यावे आणि वीज, कार्ड किंवा नेटवर्क पाहावे. पाय ५ ला हे छिद्र नाही, म्हणून तेथे यूएसबीवरचा डॅक (डिजिटल आवाज साध्या आवाजात बदलणारे उपकरण) किंवा साधे यूएसबी हेडफोन वापरावेत.

यात एक गंमत आहे. २०१९ मध्ये पाय ४ बाजारात आल्यावर काही महिन्यांतच लोकांना असे आढळले की पडदा २५६० गुणिले १४४० या मापावर ठेवला की वाय-फाय गळते. एचडीएमआयच्या त्या मापाच्या सिग्नलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये मिसळत होता. तेव्हा वाय-फायचा दोष आहे असे ठरल्यानंतरही पडद्याचे माप बदलून एकदा पाहण्यास हरकत नाही. सुट्या, स्वस्त तारांच्या बाबतीत असा गोंगाट अधिक जाणवतो.

मग एक वही घ्यावी. तक्रार नेमकी कशी दिसते, किती वाजता येते आणि त्या वेळी घरात काय सुरू झाले, हे दोन-तीन दिवस लिहावे. पडद्यावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकत असतील तर संशय तारेवर जातो. पडदा दोन-तीन सेकंद पूर्ण काळा होऊन परत येत असेल तर उपकरणांची परस्पर ओळख तुटते आहे किंवा वीज कमी पडते आहे. चित्र स्वच्छ असूनही आवाज मुळीच नसेल तर उपकरणाच्या ओळखपत्रात (त्याविषयी पुढे) किंवा आउटपुटच्या निवडीत घोळ आहे. प्रत्येक गाण्याचा पहिला क्षण कापला जात असेल तर कारण सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने जातात तो दर, हे असते. आणि बरोबर दहा मिनिटांनी आवाज जात असेल तर ते पडदा झोपवण्याच्या सेटिंगचे काम आहे. वहीचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर किमान एक संध्याकाळ थांबावे.

वीज

सर्वात आधी वीज पाहावी, कारण ती तपासायला पाच मिनिटे लागतात आणि तिच्यामुळे होणारे दोष इतर सगळ्या दोषांचे सोंग घेतात. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो, पाय ३ बी प्लसला २.५ अँपिअरचा आणि पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ अँपिअरचा. मोबाइलचा चार्जर चालतो असे वाटते, कारण संगणक सुरू होतो. पण मोबाइल चार्जरमधला व्होल्टेज भार वाढला की खाली येतो आणि बारीक तारेत आणखी थोडा पडतो. टीव्हीच्या पाठीमागच्या यूएसबी छिद्रातून वीज घेणे तर टाळावेच. ते छिद्र पेनड्राइव्ह वाचण्यासाठी असते, शिवाय टीव्ही बंद केला की तेही बहुधा बंद होते.

तपासण्यासाठी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, 'व्हीसीजेनसीएमडी' ही कमांड देऊन तिच्यापुढे 'गेट_थ्रॉटल्ड' असे लिहावे. उत्तर ०एक्स० आले तर सुरू झाल्यापासून वीज कधीही कमी पडलेली नाही. ०एक्स५०००० आले तर आता ठीक आहे, पण मध्ये केव्हातरी व्होल्टेज घसरला होता आणि प्रोसेसरला वेग कमी करावा लागला होता. ०एक्स५०००५ आले तर हे या क्षणीही चालू आहे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेला की ही नोंद होते आणि पडदा जोडलेला असल्यास कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याचे चिन्ह दिसते. ही कमांड सुरू केल्याबरोबर देऊ नये. अर्धा तास गाणी वाजवून, बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती फिरती ठेवून मग द्यावी.

कार्ड काढून एक परीक्षा

ही युक्ती फार कमी लोक वापरतात आणि मला ती सगळ्यात आवडते. पाय ४ आणि पाय ५ यांच्या बोर्डावरच एक छोटा सुरुवातीचा प्रोग्रॅम असतो. वीज बंद करून मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह काढावेत आणि पुन्हा वीज द्यावी. सुरू होण्यासाठी काहीच सापडत नाही म्हटल्यावर तो प्रोग्रॅम पडद्यावर स्वतःच्या निदानाचे पान दाखवतो. ते पान स्थिर दिसले तर बोर्डाचे छिद्र, तार आणि टीव्ही यांची साखळी निदान साध्या चित्रापुरती तरी जुळलेली आहे आणि शोध सॉफ्टवेअरच्या दिशेने न्यावा. तेही लुकलुकले किंवा आलेच नाही, तर कार्डावरचे सॉफ्टवेअर निर्दोष सुटले. पुन्हा इन्स्टॉल करण्यात रविवार घालवू नये. अगदी जुन्या पाय ४ वर तो प्रोग्रॅम अद्ययावत केलेला नसेल तर हे पान दिसत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

तार, टोके आणि खाडीची हवा

पाय ४ आणि ५ वर दोन मायक्रो एचडीएमआय छिद्रे असतात. वीज घेणाऱ्या यूएसबी-सी छिद्राच्या लगतचे ते शून्य क्रमांकाचे. काम त्याच छिद्रावर सुरू करावे, कारण पुष्कळ प्रणाली आवाज आणि चित्र तेथेच आहे असे गृहीत धरतात. मी स्वतः एकदा पूर्ण संध्याकाळ दुसऱ्या छिद्रात तार लावून आवाज शोधत बसलो होतो.

मायक्रो एचडीएमआयचे टोक नखाएवढे असते आणि त्याला लागलेली जाड तार टीव्हीमागून खाली लोंबते. त्या वजनाने टोक किंचित तिरके होते. चित्र येत राहते, पण दार आपटले किंवा कोणी टीव्हीचे स्टँड सरकवले की एक पिन क्षणभर सुटते. तपासण्यासाठी गाणे चालू ठेवून टोक बोटाने अलगद, केसभर, वर-खाली करावे. आवाज किंवा चित्र तुटले तर शोध संपला. इलाज असा की ताठ तारेऐवजी लवचीक, छोटी तार घ्यावी आणि तिचे वजन टोकावर न येता भिंतीवर येईल अशी ती चिकटपट्टीने बांधावी. मायक्रो ते मोठे असे ठोकळेवजा कनेक्टर मी आता वापरत नाही. त्यांच्यामुळे सुटणारे सांधे एकाचे दोन होतात आणि वजन पुढे जाते.

ऐरोली, वाशी, बेलापूर आणि ठाण्यात कोपरीच्या बाजूला, म्हणजे खाडीजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पावसाळ्याच्या दमट, खारट हवेत संपर्काच्या पट्ट्यांवर काळसर किंवा हिरवट थर चढतो. मोबाइलच्या टॉर्चमध्ये तारेचे टोक तिरके धरले की तो दिसतो. वीज पूर्ण बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशने तारेचे टोक पुसावे, पूर्ण सुकू द्यावे आणि मग दोन-तीन वेळा घालून-काढून बसवावे. घरात असलेले सॅनिटायझर यासाठी वापरू नये. त्यात पाणी आणि चिकट द्रव्ये असतात.

नवी तार घेताना पाकिटावरच्या शब्दांना महत्त्व आहे. 'प्रीमियम हाय स्पीड' असे प्रमाणपत्र असलेली तार सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत तपासलेली असते, 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ गिगाबिटपर्यंत, आणि दोन्हींच्या पाकिटावर मोबाइलने स्कॅन करण्याचे लेबल असते. संगीतासाठी एवढ्या वेगाची मुळीच गरज नाही. १०८० च्या चित्राला सुमारे साडेचार गिगाबिट पुरतात. मग प्रमाणित तार कशासाठी घ्यायची? तर तिच्या आवरणासाठी. आमच्या घरी स्वयंपाकघरातला मिक्सर सुरू झाला की बाहेरच्या खोलीतला पडदा दोन सेकंद काळा होत असे. आईने ते माझ्या आधी ओळखले: "तुझं गाणं चटणीला घाबरतं." लॅमिंग्टन रोडवरून आणलेली दीड मीटरची जाड आवरणाची तार लावली आणि चटणीची भीती गेली. तार जेवढी लागते तेवढीच लांब घ्यावी. उरलेले वेटोळे विजेच्या बोर्डामागे कोंबू नये.

ओळखपत्र

येथपर्यंत सारे ठीक असेल तर मामांच्या डबीचा प्रश्न येतो. तार लावल्यावर संगणक १८ व्या पिनेतून ५ व्होल्ट पुढे पाठवतो. समोरचे उपकरण जागे असेल तर ते १९ व्या पिनेवर व्होल्टेज उभे करून "मी आहे" असे कळवते. मग १५ आणि १६ या पिनांवरून संगणक त्याचे ओळखपत्र वाचतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. पहिल्या १२८ बाइटमध्ये पडद्याची मापे असतात, आणि हे उपकरण एचडीएमआय जातीचे आहे, कोणता आवाज किती चॅनेलपर्यंत घेते, ही माहिती पुढच्या १२८ बाइटच्या जोडपानात असते. जोडपान वाचले गेले नाही तर संगणक समोरच्याला जुना, मुका डीव्हीआय पडदा समजतो: चित्र येते, आवाज नाही.

नेरूळला नेमके काय घडत होते? रात्री वीज जाऊन आली की पाय ४ आपणहून सुरू होई, कारण त्याला बटणच नाही. टीव्ही आणि रिसीव्हर मात्र स्टँडबायवर येऊन झोपून राहत. अर्ध्या मिनिटात डबीने दार ठोठावले, ओळखपत्र मिळाले नाही, आणि ती आवाजाविना सुरू झाली. सकाळी मामा टीव्ही लावत तेव्हा तिची विचारपूस संपलेली असे.

हे स्वतः पाहता येते. 'सिस' फोल्डरातल्या 'क्लास', त्यातल्या 'डीआरएम' या ठिकाणी प्रत्येक छिद्राचा एक उपफोल्डर असतो. पहिल्या छिद्राच्या नावाच्या शेवटी 'एचडीएमआय-ए-१' असते. त्यातली 'स्टेटस' ही फाइल वाचली की जोडलेले आहे किंवा नाही ते कळते. 'ईडीआयडी' ही फाइल 'कॅट'ने वाचून 'डब्ल्यूसी'कडे बाइट मोजायला द्यावी. उत्तर ० आले तर ओळखपत्र मिळालेलेच नाही, १२८ आले तर जोडपान नाही आणि म्हणून आवाज नाही, २५६ किंवा अधिक आले तर वाचन पूर्ण आहे. फोल्डरच्या यादीत या फाइलचा आकार नेहमी शून्यच दिसतो, तो पाहून फसू नये. बाइट मोजूनच घ्यावेत.

रिसीव्हर मधे असला की हे ओळखपत्र टीव्ही आणि रिसीव्हर या दोघांचे मिळून बनते. टीव्ही बंद केल्यावर ते बदलू शकते, आणि बदलताना जोडणी क्षणभर तुटते. "टीव्ही बंद केला की गाणे थांबते" या तक्रारीचे मूळ येथे असते.

इलाज प्रणालीच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या, फर्मवेअरच्या (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या) हाती पडदा असलेल्या प्रणालींत 'कॉन्फिग' या मजकूर फाइलमध्ये 'एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=१' आणि 'एचडीएमआय_ड्राइव्ह=२' या दोन ओळी लिहिल्या की समोर कोणी नसले तरी संगणक आवाजासह एचडीएमआय चालू ठेवतो. व्होल्युमिओमध्ये अशा ओळी 'युजरकॉन्फिग' या वेगळ्या फाइलमध्ये लिहाव्यात, म्हणजे अपडेटमध्ये पुसल्या जात नाहीत. नव्या प्रणालींत पडदा लिनक्सचा केएमएस ड्रायव्हर सांभाळतो आणि या ओळी तो वाचतच नाही. तुमच्याकडे काय आहे ते 'कॉन्फिग' फाइलमध्ये 'व्हीसी४-केएमएस-व्ही३डी' ही ओळ आहे का, यावरून समजते. इंटरनेटवरचे बरेच जुने सल्ले येथेच निकामी ठरतात, आणि माणूस ओळींवर ओळी घालत बसतो. २०२३ च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून ही फाइलदेखील 'बूट' फोल्डरातून त्याच्या आतल्या 'फर्मवेअर' फोल्डरात गेली आहे.

केएमएस असेल तर 'सीएमडीलाइन' या फाइलमधल्या एकाच लांब ओळीच्या शेवटी, नवी ओळ न करता, 'व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०x१०८०@६०डी' असे लिहावे. शेवटचा, मोठ्या लिपीतला 'डी' हा छिद्र चालूच ठेवण्याचा हुकूम आहे. चित्रासाठी तेवढे पुरते; आवाजासाठी ओळखपत्र लागतेच. म्हणून सारे काही नीट चालू असताना ती 'ईडीआयडी' फाइल 'लिब' फोल्डरातल्या 'फर्मवेअर'मध्ये कॉपी करून ठेवावी आणि 'सीएमडीलाइन'मध्ये 'डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर' या पर्यायाने तिचे नाव द्यावे. मग टीव्ही झोपलेला असला तरी संगणक खिशातले ओळखपत्र पाहून काम सुरू करतो. ज्यांना फाइलींना हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी ओळखपत्र धरून ठेवणारी छोटी ईडीआयडी एम्युलेटर डबी मिळते. ती संगणक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये बसते.

पडद्याचे माप उतरवा

फोर-के टीव्हीला जोडलेला पाय ४ बहुधा सर्वात मोठे माप निवडतो, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम असलेले फोर-के. त्याला सेकंदाला जवळपास ९ गिगाबिट लागतात, आणि तुम्ही त्यावर अल्बमचे एक स्थिर चित्र पाहणार असता. ७२० किंवा १०८० निवडावे. तारेवरचा भार निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होतो आणि काठावर चालणारी तार बिनतक्रार चालू लागते. त्याहून खाली, ४८० वर मात्र जाऊ नये. तेथे फटी इतक्या अरुंद असतात की जास्त चॅनेलचा उच्च सॅम्पल रेटचा आवाज त्यांत मावत नाही.

पडदा झोपला की गाणेही झोपते

पडदा वाचवण्यासाठी बऱ्याच प्रणाली दहा मिनिटे कोणी हात लावला नाही की एचडीएमआयचा सिग्नलच बंद करतात. आवाज चित्राच्या पाठीवर असल्याने तोही जातो. सेटिंगमध्ये 'स्क्रीन ब्लँकिंग' किंवा तत्सम पर्याय बंद करावा आणि टर्मिनलच्या पडद्यासाठी 'सीएमडीलाइन'मध्ये 'कन्सोलब्लँक=०' लिहावे. पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहू नये असे वाटत असेल तर काळे चित्र दाखवणारा स्क्रीनसेव्हर निवडावा. काळे चित्र हाही सिग्नलच असतो.

आवाजाची वाट

'एप्ले' ही कमांड छोट्या 'एल'च्या पर्यायाने दिली की आवाजाच्या सगळ्या वाटा दिसतात. पहिल्या छिद्राचे नाव 'व्हीसी४एचडीएमआय०' आणि दुसऱ्याचे 'व्हीसी४एचडीएमआय१' असे असते. प्लेअरमध्ये वाट निवडताना क्रमांकावर विसंबू नये, नाव वापरावे, कारण यूएसबीचे एखादे उपकरण जोडले की पुढच्या वेळी क्रमांक बदलू शकतात. दुसरा खाचखळगा असा की हा ड्रायव्हर साधे नमुने थेट घेत नाही. त्याला ते आयईसी ९५८ या जुन्या डिजिटल आवाजाच्या साच्यात हवे असतात. म्हणून 'एचडब्ल्यू'ने सुरू होणारा थेट पत्ता दिला तर प्लेअर चूक दाखवून थांबतो. 'एचडीएमआय' किंवा 'डीफॉल्ट'ने सुरू होणारा पत्ता दिला की साचा आपोआप घातला जातो. डॉल्बी किंवा डीटीएस तसेच्या तसे पुढे पाठवण्याचा पर्याय तपासणी संपेपर्यंत बंद ठेवावा आणि फक्त दोन चॅनेलचा साधा पीसीएम (न दाबलेला) आवाज पाठवावा; तो आवाज घेणारे प्रत्येक एचडीएमआय उपकरण घेते.

पहिला षड्ज कुठे गेला

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना ही तक्रार सर्वात जास्त बोचते. तानपुरे लागलेले असतात, गायक पहिला सा लावतो, आणि रिसीव्हर नेमका तेव्हा टक्‌ असा आवाज करून एक-दीड सेकंद गप्प बसतो. कारण असे की एचडीएमआयवर आवाजाचे घड्याळ स्वतंत्र येत नाही. चित्राच्या घड्याळावरून ते पलीकडे पुन्हा तयार करायचे असते, आणि त्यासाठी संगणक दोन आकडे पाठवत राहतो. ४८ किलोहर्ट्झसाठी पहिला आकडा साधारणपणे ६१४४ असतो, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झसाठी ६२७२. एका गाण्यानंतर दुसऱ्या सॅम्पल रेटचे गाणे आले की रिसीव्हरला घड्याळ नव्याने जुळवावे लागते, आणि तोवर तो कचरा ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून धरतो. गाणे थांबून वाट पूर्ण बंद झाली तरी असेच होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वाट उघडीच ठेवायची: एमपीडी या संगीत-सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या प्लेअरांत आउटपुटसाठी 'ऑलवेज_ऑन' हा पर्याय असतो, आणि कोडीमध्ये आवाजाचे उपकरण जागे ठेवण्याचे सेटिंग असते, ते 'नेहमी' वर ठेवावे. दुसरा, सगळी गाणी एकाच सॅम्पल रेटवर आणून पाठवायची. शुद्धतेचे आग्रही लोक याला नाक मुरडतात. माझे मत सांगायचे तर चांगल्या रिसॅम्पलरने ४४.१ चे ४८ केलेले मला कानाने ओळखता येत नाही. कापलेला सा मात्र दर वेळी ओळखू येतो. संग्रहात सीडीवरून घेतलेलेच संगीत जास्त असेल तर ४८ ऐवजी ४४.१ हाच दर धरावा, म्हणजे बहुतेक गाण्यांना हात लागत नाही.

रिमोटची लुडबुड

१३ व्या पिनेवरून उपकरणे एकमेकांना हुकूम देतात. त्याला सीईसी म्हणतात आणि कंपन्या त्याला एनीनेट प्लस, ब्राव्हिया सिंक, सिम्पलिंक अशी आपापली नावे देतात. सेट-टॉप बॉक्स सुरू झाला की रिसीव्हर स्वतःहून त्याच्याकडे वळतो आणि गाणे मधेच जाते, किंवा डबी सुरू झाली की सगळे घर झोपलेले असताना टीव्ही उजळतो. ज्या उपकरणाची लुडबुड आहे त्याचेच सीईसी बंद करावे. सगळीकडे सरसकट बंद करताना मात्र जपावे: डबी टीव्हीला आणि टीव्हीचा आवाज एआरसीच्या (एचडीएमआयमधूनच आवाज बाहेर देण्याच्या सोयीच्या) छिद्रातून साउंडबारला अशी रचना असेल, तर अनेक टीव्हींवर सीईसी गेले की एआरसीही जाते. अशा रचनेत टीव्ही हा मधला दलाल असतो आणि बऱ्याचदा येणारा आवाज आपल्या पसंतीच्या सॅम्पल रेटवर बदलून पुढे देतो. साउंडबारला एचडीएमआयचे वेगळे इनपुट असेल तर डबी थेट तेथेच लावावी.

एवढे करूनही जोडणी स्थिर होत नसेल तर एचडीएमआयकडे फक्त चित्र ठेवावे आणि आवाज यूएसबी डॅकमधून रिसीव्हरच्या साध्या लाल-पांढऱ्या छिद्रांत द्यावा. ज्यांना पडद्याची गरजच नाही त्यांनी माझ्या मते सुरुवातच येथून करावी. दोन चॅनेलच्या संगीतासाठी एचडीएमआयचा एवढा कारभार फक्त तेव्हाच परवडतो, जेव्हा रिसीव्हरला दुसरे इनपुट शिल्लक नसते किंवा आठ चॅनेलचा आवाज हवा असतो.

मामांच्या रिसीव्हरला दुसरे इनपुट शिल्लक नव्हते. म्हणून त्यांच्या डबीत ओळखपत्राची फाइल ठेवली, चित्र ७२० वर आणले, वाट उघडी ठेवली आणि मग मुद्दाम भिंतीवरचे मुख्य बटण बंद करून पाच मिनिटांनी लावले. टीव्हीला हात न लावता मोबाइलवरून गाणे सुरू केले आणि मग रिसीव्हरचे बटण दाबले. चार सेकंदांनी तानपुरा ऐकू आला. हीच परीक्षा तीनदा केली, कारण एकदा जमलेले एचडीएमआय दुसऱ्यांदा जमेलच असे नसते. टीव्हीमागे तारेला एक चिठ्ठी बांधली आहे: शून्य क्रमांकाचे छिद्र, ७२०, ४८ किलोहर्ट्झ, तार बसवल्याची तारीख.